मालकांचे उत्तर : 'दीड महिना लावला, खंडेनवमी चुकवली' या अभिप्रायाला

नमस्कार साहेब,

तुमचा अभिप्राय काल रात्री मुलीने वाचून दाखवला. एकच स्टार, आणि खाली : 'लाकडाचा तुकडा बसवायला दीड महिना, वर सात हजार रुपये. आमच्या पाहुण्यांची तलवार मात्र एका दिवसात दिली. ओळख बघून कामं करतात. खंडेनवमीला आमच्या घरी रिकामा पाट पुजला.'

खंडेनवमी चुकली त्याची मनापासून माफी मागतो. त्या सकाळी मी माझ्या ऐरणीला, कानशींना हळदकुंकू वाहत होतो आणि तुमची तलवार शेजारच्या बाकावर मुठीविना पडली होती. ते मला अजून टोचतंय. तुम्ही तारीख विचारलीत तेव्हा मी 'होऊन जाईल, बघूया' म्हणालो. तसं म्हणायला नको होतं. ती चूक माझी.

पण 'ओळख बघून कामं करतात' हे फार लागलं, साहेब. वडिलांपासून हे दुकान आहे. तालमीतल्या पोराची मर्दानी खेळाची तलवार असो की वाड्यातली असो, बाकावर दोन्ही सारख्याच. म्हणून एका दिवसाचं काम कुठलं आणि दीड महिन्याचं कुठलं, ते सांगतो.

पाहुण्यांची तलवार आपल्या देशी घाटाची. तिची मूठ सगळी लोखंडाची. परज (म्हणजे बोटं सांभाळणारी पट्टी), गादी, मोगरा, मुठीचे सगळे भाग एका अंगाचे, आणि मूठ आतून पोकळ. पात्याची शेपटी त्या पोकळीत घालून लाखेने बसवलेली असते, खिळा नाही की स्क्रू नाही. पातं हलायला लागलं की मूठ बेताने तापवायची, लाख पाघळते, पातं सुटतं. जुनी लाख खरवडायची, नवी भरायची, पातं सरळ धरून गार होऊ द्यायचं. सकाळी आणलेली संध्याकाळी घरी जाते. कुणाचीही.

तुमची तशी नाही. तिच्या मुठीला तीन पट्ट्यांची परज आहे, तो इंग्रजी घोडदळाचा १८२१ सालचा घाट. ती शिवकालीन नाही असं मी पहिल्याच दिवशी बोललो आणि तुमचा चेहरा उतरला, ते मी पाहिलं. त्यात तलवारीला कमीपणा काही नाही, पण खोटं बोलून मला काम नको होतं. या घाटात हाताने धरायचा भाग वेगळा असतो : आत लाकूड, लाकडावर कातडं, कातड्यावर पिळाची तार. पात्याची शेपटी लाकडातून आरपार जाते आणि मागच्या टोपीबाहेर तिचं टोक ठोकून पसरवलेलं असतं. तुमच्याकडे लाकूड, कातडं, तार तिन्ही गेलेलं होतं.

आणि त्या जागी काय होतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. शेपटीभोवती एपॉक्सी थापलं होतं आणि वर सुतळी गुंडाळली होती. पातं निसटून पडू नये म्हणून घरातल्या कुणीतरी प्रेमानेच केलं असेल, मला राग नाही. पण ते तापवून काढता येत नव्हतं, पात्याचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं असतं. पितळी पट्टीने, लोखंडाला ओरखडा न पाडता, नऊ दिवस थोडं थोडं खरवडलं. त्यात पुढच्या कड्याच्या आत जुन्या मुठीचा अवशेष सापडला : नखाएवढं पांढरं, दाणेदार कातडं आणि भुगा झालेलं लाकूड. ते पाकट माशाच्या जातीचं कातडं. मूळ मूठ कशी होती ते त्या नखाएवढ्या तुकड्यावरून कळलं.

मग मी तुम्हाला फोन केला, की मूळसारखं माशाचं कातडं लावू की शेळीचं? तुम्ही म्हणालात, तलवार नवरात्रात देवघरात असते, घरी विचारून सांगतो. अकरा दिवसांनी निरोप आला की आजींना माशाचं नको. आजींचा मान मोठा, आणि त्या काळी साध्या स्वारांच्या तलवारींना चामड्याच्याच मुठी असत, म्हणून मलाही पटलं. पण कातड्याची जाडी ठरल्याशिवाय लाकूड शेवटच्या मापाला उतरवता येत नाही. जाड झालं तर मूठ परजेत बसत नाही, बारीक झालं तर हातात खुळखुळते.

तलवार अनंत चतुर्दशीनंतर दोन दिवसांनी आली. तिथून खंडेनवमीला बावीस दिवस. नऊ आणि अकरा, वीस. उरले दोन.

दोन दिवसांत कुणीही देईल, उद्यमनगरात तासाभरात वेल्डिंग मारून देतो म्हणाले, असं तुम्ही मला फोनवर ऐकवलंत. खरं आहे, देतील. पण १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांवरची अशी वस्तू पुरावस्तू ठरते. तिला वेल्डिंग मारायला माझा हात धजत नाही. शिसवी लाकूड, खाचांत दोरा, वर ओलं कातडं ताणून शिवायचं, ते लाकडावरच सुकून आवळलं पाहिजे. परतीच्या पावसात कोल्हापूरची हवा कशी असते ते तुम्हाला ठाऊक आहे. शेगडीजवळ सुकवलं तर कातडं तडकतं, ओलं तसंच बसवलं तर आत शेपटीला गंज धरतो.

सात हजारांचं म्हणाल तर चांदीची तार आणि गुजरीतल्या (सराफ बाजारातल्या) कारागिराने दिलेला पीळ यांची पावती तुमच्या पिशवीत घातली आहे. उरलेली माझी मजुरी. ती जास्त वाटली असेल तर दुकानात येऊन बोलायला हवं होतं.

नुसतं पातं पूजेपुरतं घेऊन जा, नंतर परत आणा, हे मला नवमीच्या आदल्या दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं नाही. यापुढे तारीख कागदावर लिहून देऊ, आणि फोनवरही जरा जास्त लक्ष ठेवू. लोक गूगलवर तारे बघूनच दुकानाची पायरी चढतात, साहेब. एकाच ताऱ्याने माझी लग्नसराईची कामं जाऊ शकतात, एवढं ध्यानात घ्यावं.

पात्याला हळदकुंकू लावाल तर दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने पुसून शिलाई मशीनचं तेल लावा, खोबरेल नको, ते चिकट होतं. उन्हाळ्यात लाकूड आणखी सुकेल. तार सैल वाटली तर घेऊन या, पैसे घेणार नाही. आणि पावतीसोबत कागदाची एक पुडी आहे, ती कृपा करून फेकू नका. त्यात ते नखाएवढं कातडं आहे.