आठ तासांचा हट्ट

सध्या फिरणारा मेसेज असा: ‘नैराश्य, चिंता वगैरे आजार नव्हेतच, अपुऱ्या झोपेचे परिणाम आहेत. लवकर आडवे व्हा, आठ तास झोपा, महिन्याभरात गोळ्या सुटतील.’

‘अपुऱ्या झोपेचे परिणाम’ यात थोडं तथ्य आहे, म्हणून तर तो पटतो. झोप न लागणं हे नैराश्याचं नुसतं लक्षण, हा समज आता मागे पडलाय. २०११ मध्ये २१ दीर्घकालीन अभ्यास एकत्र तपासले गेले. नैराश्य नसलेल्या, पण निद्रानाश असलेल्या लोकांना पुढे नैराश्य येण्याचा धोका साधारण दुप्पट दिसला. पण धोका दुप्पट म्हणजे एकमेव कारण नव्हे. चिंता डोळ्याला डोळा लागू देत नाही, हे उलट टोकही तितकंच खरं. शिवाय नैराश्यातले काही जण दहा-बारा तास झोपतात आणि उठतात ते गळून गेलेलेच. त्यांना काय सांगणार? आणखी झोपा?

त्याहून चमत्कारिक गोष्ट: नैराश्याच्या रुग्णाला देखरेखीखाली रात्रभर जागं ठेवलं, तर जवळपास निम्म्यांचं मन दुसऱ्या दिवशी हलकं होतं. झोपले की बहुतेकांचं पुन्हा जैसे थे. (घरी करू नका. बायपोलर, म्हणजे मन कधी नैराश्यात तर कधी अतिउत्साहात जाणारा आजार असणाऱ्याला यातून उन्मादाचा झटका येऊ शकतो.) सगळा दोष कमी झोपेचा असता, तर हे घडलंच नसतं.

‘लवकर आडवे व्हा, आठ तास झोपा.’ माझा खरा राग यावर आहे. ज्याची झोप उडालीय तो दहालाच दिवा मालवतो, कूस बदलतो, उशी उलटी करतो. तीन वाजून दहा मिनिटांनी मोबाइल बघतो आणि हिशेब मांडतो: आत्ता लागली तर अजून तीन तास मिळतील. झालं, आता तर झोप येणारच नाही. निद्रानाशावरची सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी उपचारपद्धत) याच्या उलट चालते. उठायची वेळ पक्की, झोप येत नसेल तर अंथरूण सोडायचं, आणि सुरुवातीला अंथरुणातला वेळ चक्क कमी करायचा.

लॉस एंजेलिसमध्ये निद्रानाश असलेल्या, साठीपुढच्या २९१ जणांवर हे तपासलं. निम्म्यांना ही सीबीटी, बाकीच्यांना झोपेच्या चांगल्या सवयींचं शिक्षण, म्हणजे आपल्या मेसेजचीच सुधारित आवृत्ती. तीन वर्षांत सीबीटीवाल्यांपैकी १२.२ टक्क्यांना नैराश्याने गाठलं, सवयीवाल्यांपैकी २५.९ टक्क्यांना. म्हणजे झोपेवर नीट उपचार झाले तर फरक पडतो. पण इतकं करूनही आठांतला एक जण नैराश्यात गेलाच.

राहिल्या गोळ्या. नैराश्यावरची औषधं मनानेच एकदम बंद केली, तर अनेकांना चक्कर येते, जीव घाबरा होतो आणि नेमकी झोपच उडते.