विद्यापीठाने वर्षभराच्या प्रयोगांच्या तारखा आधीच लावल्या तर काय बिघडतं?

लांब लिहितेय, ट्रेनमध्ये बसायला जागा मिळाली की वाचा.

मुद्दा आधीच सांगून टाकते, मग फाटे फुटतीलच. मुंबई विद्यापीठातल्या नाटकवाल्या, संगीतवाल्या आणि लोककलावाल्या विभागांनी मिळून वर्षाचे प्रयोग जून-जुलैतच जाहीर करावेत, तारीख, वेळ, तिकीट सगळं छापून, आणि ते भिंतीच्या आतल्यांपेक्षा भिंतीबाहेरच्यांना डोळ्यासमोर ठेवून करावेत. बस्स एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना, पण हे करायचं म्हटलं की सगळ्यांच्या कपाळावर आठ्या येतात.

हे डोक्यात यायचं कारण माझी भाची. ती अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शिकते, मक्याची शेतं आणि थंडी असला प्रदेश, आपल्याकडे कुणी त्या राज्याचं नावही फारसं घेत नाही. तिने तिकडच्या हँचर ऑडिटोरियमच्या वर्षाच्या कार्यक्रमांची पुस्तिका फोटो काढून पाठवली. विद्यापीठाचंच नाट्यगृह हे. सप्टेंबरात सुरू होऊन पुढच्या मे पर्यंत काय काय होणार ते सगळं आधीच ठरलेलं, नाच, नाटक, मोजक्या वादकांचं चेंबर म्युझिक, मुलांचे खेळ, विद्यार्थ्यांना तिकीट स्वस्त. मी आपली बसून ती पुस्तिका झूम करकरून वाचली, जणू मलाच जायचंय.

त्या हँचरची गोष्ट मला जास्त आवडली ती वेगळ्याच कारणासाठी. 1972 साली उघडलेलं हे थिएटर 2008 च्या आयोवा नदीच्या पुरात गेलं. पुन्हा वापरता येणार नाही असं झालं, पाडलं, आणि नवीन इमारत उघडली ती थेट 2016 मध्ये, साधारण 1800 सीटची, म्हणजे जुन्यापेक्षा लहान. मधली आठ वर्षं यांच्याकडे स्वतःचं स्टेजच नव्हतं. आपल्याकडे हे झालं असतं तर आठ वर्षं 'इमारत झाली की बघू' हे वाक्य ऐकलं असतं आपण. त्यांनी काय केलं तर मिळेल त्या जागेत, शहरातल्या दुसऱ्या थिएटरांत, हॉलमध्ये, आजूबाजूच्या गावांत कार्यक्रम चालूच ठेवले. आणि बाहेर जायची सवय त्यांना पुराच्या आधीपासूनच होती, 2007 मध्ये जॉफ्री बॅले या नृत्यसंस्थेला घेऊन राज्यातल्या वेगवेगळ्या गावांत उघड्यावर फुकट प्रयोग केले होते. बॅले म्हणजे बघा, तिकडेही ती तशी उच्चभ्रूंचीच कला.

तिकडचं सगळं भारी आणि आपलं सगळं टाकाऊ असं मी म्हणत नाहीये हं. भाचीच सांगते की शाळेची पोरं बसमध्ये भरून आणायची, डोकी मोजायची, आकडा ग्रँटच्या अर्जात टाकायचा, हेही चालतं तिकडे. पण एक पद्धत मात्र मला घ्यावीशी वाटते. पाहुणा कलाकार आला की एका रात्रीचा शो करून विमान पकडत नाही, चार-पाच दिवस राहतो. विद्यार्थ्यांचे क्लास घेतो, शाळेत जातो, वृद्धाश्रमात जातो, प्रयोगाच्या आधी तासभर लोकांशी बोलतो. मग शुक्रवारी रात्री जो प्रेक्षक येतो त्यातल्या निम्म्यांनी तरी त्या माणसाला आधी कुठेतरी पाहिलेलं असतं.

आता आपल्याकडे या.

मुंबई विद्यापीठ 1857 चं. कलिन्याला दोनशेहून जास्त एकरांचा कॅम्पस, तिथे थिएटर आर्ट्सची अकादमी 2003 पासून, वामन केंद्रे तिचे पहिले संचालक. लोककला अकादमी आहे, संगीताचा विभाग आहे, शाहीर अमर शेखांच्या नावाचं अध्यासन आहे. युवा महोत्सव पन्नासहून जास्त वर्षं चाललाय. म्हणजे माल कमी आहे असं कुणी म्हणू नये. आणि कॉलेजांच्या एकांकिका तर विचारूच नका. रुईया, रुपारेल, एमडी, साठ्ये, डहाणूकर, ठाण्याचं जोशी-बेडेकर, ही पोरं ऑगस्टपासून घरच्यांना तोंड दाखवत नाहीत. आयएनटीची एकांकिका स्पर्धा झाली की पुढची, ती झाली की त्याच्या पुढची, मग ज्यांचं नशीब जोरावर ते जानेवारीत 'सवाई' एकांकिका स्पर्धेला.

मी स्वतः बॅकस्टेजवाली होते कॉलेजात. स्टेजवर कधीच नाही, विंगेत काळे कपडे घालून ब्लॅकआउटमध्ये लेव्हल, म्हणजे स्टेजवरचे लाकडी चौथरे, उचलायच्या आणि पुढच्या प्रवेशाची खुर्ची अंधारात खुणेच्या चिकटपट्टीवर बरोब्बर ठेवायची, हे माझं काम. त्यामुळे मला एकांकिकेचं नंतर काय होतं ते माहितीये. स्पर्धा संपली की नेपथ्य कॉलेजच्या जिन्याखाली जातं. दिवाळीनंतर शिपाई ओरडतो, मग फ्लॅट, म्हणजे नेपथ्यातल्या भिंती, मोडून त्यातली लाकडं पुढच्या वर्षाला वापरतात आणि उरलेलं भंगारात. तीन-चार महिने खपून बसवलेली गोष्ट, प्रयोग किती, तर हाताच्या बोटांवर मोजावे एवढे. आणि प्रेक्षक कोण? दुसऱ्या कॉलेजची पोरं! ती आवाज कुणाचा म्हणून घसा फोडतात, मजा येते, मलाही अजून अंगावर काटा येतो त्याने, पण ती सगळी खेळाडूच, प्रेक्षक नव्हेत. ज्या बाईने आयुष्यात कधी एकांकिका पाहिली नाही, ती दोन पोरं आणि सासूला घेऊन रविवारी दुपारी येऊन बसली तर तुमचा तो डोक्यावरून जाणारा शेवट तिच्यापर्यंत पोचतो की नाही, हे त्या लेखकाला कळतच नाही कधी. परीक्षक सांगतात तेवढंच कळतं.

विद्यापीठाने यातल्या दरवर्षी पाच-सहा एकांकिका उचलाव्यात, नंबर आलेल्याच असं नाही, आणि त्यांचे आणखी आठ-दहा प्रयोग लावावेत, वेगवेगळ्या वस्त्यांत. पोरं दहाव्या प्रयोगाला जे शिकतात ते तालमीत शिकता येत नाही हे नाटकातल्या कुठल्याही माणसाला विचारा.

आता लोकांपर्यंत जायचं म्हटलं की आपल्याकडे एकच गोष्ट सुचते, पथनाट्य. काळे कुर्ते, कमरेला रंगीत ओढण्या, स्टेशनबाहेर गोल करून 'ऐका हो ऐका', आणि पुढे स्वच्छता, मतदान, व्यसनमुक्ती, प्लास्टिक. एनएसएसचे तास भरतात, विस्तार विभागाच्या 'उडान' महोत्सवात बक्षीस मिळतं. मी पथनाट्याच्या विरोधात नाही, चांगलं केलेलं पथनाट्य अंगावर येतं. पण प्रत्येक वेळी आपणच जाऊन वस्तीला काहीतरी शिकवायचं, हे काय? वाकोल्याच्या माणसाला कचरा कुठे टाकायचा ते एकोणीस वर्षांचं पोरगं सांगणार, आणि त्याच वाकोल्याच्या माणसाला काय येतं ते बघायला विद्यापीठातलं कुणी जाणार नाही.

कारण त्याला येतं हो, पुष्कळ येतं.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर तात्या राहायचे, संगमेश्वर तालुक्यातले, गिरणीतून बाहेर पडल्यावर वॉचमनची नोकरी केली. मृदुंग असा वाजवायचे की अख्खा जिना थरथरायचा. त्यांच्या वाडीचं नमनाचं, म्हणजे कोकणातल्या गाणं-सोंगांच्या लोकनाट्याचं, मंडळ इकडे मुंबईत होतं आणि वर्षातून एकदा परळच्या दामोदर नाट्यगृहात खेळ लागायचा. मी गेलेय त्यांच्याबरोबर. बाहेर सगळी वाडीच उतरलेली, डबे, पाण्याच्या बाटल्या, कडेवर पोरं. आत आधी अर्धा तास देणग्या वाचल्या जातात, अमुक अमुक यांजकडून पाचशे एक, मग गण, म्हणजे गणपतीची स्तुती, सुरू होतो आणि मृदुंग-झांजा अशा लागतात की बोलणं बंद. गवळण येते, मावशीचा पुरुषी आवाज, आणि मग संकासूर, काळा झगा, ती उंच टोकदार टोपी, पांढरी दाढी. तो बॅटरीच्या उजेडात प्रेक्षकांतून आला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतलं पोरगं आईच्या पदरात शिरलं आणि एका डोळ्याने बघत राहिलं. वगात एका राजाने चालू महिन्याच्या लाइटबिलावर डायलॉग टाकला, कुठल्याच संहितेत नसणार तो, आणि हॉल कोसळला. तात्यांना म्हटलं, हे बाकीच्यांनी बघायला हवं हो. तर म्हणाले, "आमचा नमन आमीच बघतो, बाहेरचा कोन येतोय?"

दामोदर 2023 मध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झालं. शंभरी गाठलेलं नाट्यगृह, आणि कोकणातल्या चाकरमान्यांच्या नमनांचा, शक्ती-तुऱ्याच्या सवाल-जवाबांचा तो हक्काचा हॉल. ही मंडळं आता हॉलसाठी कुठे कुठे फिरतात, भाडी काय, तारखा कशा मिळत नाहीत, ते त्यांना विचारा. मग विद्यापीठाने म्हणावं ना, की वर्षातले चार रविवार तुमचे. शेजारी लोककलेचे विद्यार्थी एमए करतायत, नमनावर प्रबंध लिहितायत, आणि नमन खेळणारा माणूस कुर्ल्याला दोन स्टॉपवर राहतो! त्यांनी रात्री खेळावं आणि सकाळी येऊन पोरांना मृदुंग शिकवावा, मानधन घेऊन, सत्काराची शाल देऊन बोळवण नको.

विद्यापीठाचं कार्यक्षेत्र बघा जरा. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. पालघरला तारप्याच्या सुरावरचा आदिवासी नाच, रत्नागिरीला नमन आणि जाखडी नाच, सिंधुदुर्गात दशावतार, जिथे नट लिहिलेल्या संवादांशिवाय आख्ख्या आख्यानाचं नाटक रात्रभर उभं करतात, मेकअप स्वतःचा स्वतः, हातात छोटा आरसा धरून. थिएटर शिकणाऱ्या पोरांना इम्प्रोव्हायझेशन शिकवायला परदेशी पुस्तकं उघडतो आपण, आणि उघडावीत, पण दशावतारी कंपनी आठवडाभर कॅम्पसवर राहायला बोलवावी, पोरांनी त्यांच्याबरोबर पेटारे उचलावेत.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे तर एक आयतीच सोय झालीय. डिग्रीच्या पोरांना आता फील्ड प्रोजेक्टला आणि कम्युनिटी एंगेजमेंटला क्रेडिट आहेत. बऱ्याच ठिकाणी याचं होतं काय तर एक फॉर्म, चार फोटो, एक अहवाल, जो कुणीतरी गेल्या वर्षीच्यावरून उतरवतो. त्याऐवजी बीकॉमच्या पोरांनी एका प्रयोगाचं बुकिंग सांभाळावं, हिशोब ठेवावा, मास मीडियावाल्यांनी नमन मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या मुलाखती रेकॉर्ड कराव्यात, कुणी शेजारच्या पालिका शाळेतली पोरं प्रयोगाला आणावीत आणि परत सोडावीत. यात नाटकाचं 'न' येत नसलेली पोरंही आली. निम्मा स्टाफ फुकटात मिळाला की तुम्हाला.

मला माहितीये आता काय म्हणाल. हॉल कुठेय, एसी कुठेय, पैसे कुठेत. छबिलदासला काय होतं हो? 1974 पासून दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये आविष्कार या नाट्यसंस्थेने नाटकं केली, ना धड स्टेज ना धड विंगा, आणि मराठी प्रायोगिक नाटकाची आख्खी एक पिढी तिथून निघाली. पृथ्वी थिएटर 1978 पासून चालू आहे, दोनशेच्या आसपास खुर्च्या, पण सोमवार सोडला तर तिथे रोज काहीतरी असणारच हे लोकांच्या अंगवळणी पडलंय. न विचारता माणूस जुहूला जातो. मुख्य गोष्ट ही आहे, अंगवळणी पडणं. आपल्याकडे विद्यार्थ्यांचा प्रयोग आहे हे कळतं कधी, तर आदल्या रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर, फॉरवर्ड होऊन होऊन आलेल्या पोस्टरवर, ज्याच्यावर जागेचं नाव आहे पण वेळ नाही. नोकरी करणारी बाई दुसऱ्या दिवशी कशी येणार? तिला महिनाभर आधी सांगा, ती घरचं सगळं लावून येते.

आणि गेट! एका उपनगरातल्या कॉलेजात मी असाच प्रयोग बघायला गेले तर वॉचमन म्हणे आयकार्ड दाखवा. म्हटलं प्रेक्षक आहे. म्हणाला कोणाच्या पालक? कोणाचीच नाही म्हटल्यावर त्याने वर फोन लावला, वरच्याने फोन उचलला नाही, आणि आत गेले तेव्हा मध्यंतर चालू होतं. त्याची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की नाटक बघायला अनोळखी माणूसही येऊ शकतो.

कलिन्यापासून हाकेच्या अंतरावर बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, 2023 मध्ये दोन हजार सीटचं चकाचक थिएटर उघडलं. चांगलंय, जरूर जावं, पण चांगली सीट हवी तर तिकीट हजारांत. एनसीपीए हे कलाकेंद्र 1969 पासून आहे, पण नरिमन पॉइंटहून रात्री साडेदहाला कुर्ल्याला परतायचं म्हणजे काय ते तुम्हीच सांगा. चालत जाता येईल अशा अंतरावर, संध्याकाळी साडेसहाला सुरू होऊन नऊच्या आत सुटणारं काहीतरी या भागातल्या लोकांना मिळायला नको?

फुकट मात्र ठेवू नका, हे माझं ठाम मत. पन्नास रुपये तिकीट, विद्यार्थ्यांना वीस, आणि पास कुणालाच नाही. फुकट म्हटलं की हॉल भरतो आणि मध्यंतरानंतर रिकामा होतो, पन्नास रुपये दिलेला माणूस शेवटपर्यंत बसतो आणि आवडलं नाही तर बाहेर येऊन बोलतो. तसंच पहिल्या रांगेत ते सोफे आणि त्याच्यापुढे टीपॉयवर पाण्याच्या बाटल्या मांडायचं बंद करा. दीपप्रज्वलनात पाऊण तास जातो, मागच्या बायकांची आठ बाराची लोकल चुकते.

बरं, हे होईल तेव्हा होईल. तात्यांचं मंडळ त्यांचा मुलगा बघतो आता, तो म्हणाला यंदा अजून हॉल मिळालेला नाही. कुर्ला, वाकोला, सांताक्रूझ या बाजूला तीनशे-चारशे माणसं बसतील असा शाळेचा हॉल कुणाच्या ओळखीत असेल तर मेसेज करा, रविवार हवाय, आणि मृदुंग रात्री दहापर्यंत वाजेल हे शाळेला आधीच सांगून ठेवा.