विज्ञान महोत्सव होता का सत्कार समारंभ?

डोकं फिरलंय आज, लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

इथल्या एका विद्यापीठाचा दरवर्षीचा विज्ञान महोत्सव, 28 फेब्रुवारी म्हणजे राष्ट्रीय विज्ञान दिन, सकाळी 10 वाजता, "लहानांपासून थोरांपर्यंत सर्वांसाठी". म्हणून चौथीतल्या भाचीला आणि 70 वर्षांच्या आईला घेऊन पावणेदहालाच पोचले. आईला मायक्रोस्कोपखाली कांद्याचा पापुद्रा बघायचा होता, तिच्या शाळेत मायक्रोस्कोप कपाटातच राहायचा म्हणे.

आणि काय, तर पाहुणे यायचेत, फीत कापल्याशिवाय एकही स्टॉल सुरू करायचा नाही! पाहुणे उगवले साडेअकराला. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग ज्यांनी शाल दिली त्यांनाच परत शाल, आणि फेब्रुवारीअखेरचं आपलं नागपूरचं ऊन माहीत आहे ना, त्यात शाळेची पोरं मैदानात बसवलेली, मंडप फक्त स्टेजवर. एक पोरगी चक्कर येऊन पडली तरी भाषण चालूच.

हा दिवस ज्यांच्या शोधासाठी पाळतात त्या शास्त्रज्ञ सी. व्ही. रामन यांचं नाव जो तो उठून घेऊन राहिला होता, पण रामन यांनी शोधलं काय हे एकानं सांगितलं नाही. अरे दोन वाक्यांचं काम आहे, प्रकाश पदार्थातून जाताना विखुरतो आणि त्यातल्या अगदी थोड्या प्रकाशाची तरंगलांबी बदलते, म्हणजे रंगच बदलतो, 1928 मध्ये याच तारखेला हे शोधलं, 1930 ला नोबेल. आणि हाच माणूस 1910 मध्ये सरकारी हिशेबाच्या नोकरीत बदली होऊन आपल्या नागपुरात राहून गेला, हे सांगितलं असतं तर पोरं कान टवकारून बसली असती की नाही!

सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? बीएस्सीचा एक मुलगा द्रवरूप नायट्रोजन घेऊन सकाळपासून उभा. उणे 196 अंशालाच उकळतो तो, कितीही चांगल्या फ्लास्कमध्ये ठेवा, थोडाथोडा उडतच राहतो, तो काय पाहुण्यांसाठी थांबणार आहे? पहिल्यांदा पाहुण्यांना दाखवलं, फोटोसाठी दोनदा. आमचा नंबर लागला दोन वाजता, तर फ्लास्क रिकामा. त्यात बुडवून गोठवायचं झेंडूचं फूल हातात तसंच. "सॉरी ताई, सकाळी भरपूर होता," म्हणाला तो, रडवेला झाला होता बिचारा. त्याची काय चूक?

स्टॉल दहाला उघडा ना, सत्कार संध्याकाळी करा, रात्री बारापर्यंत करा, कोण अडवतंय! आणि म्हाताऱ्या माणसांसाठी चार खुर्च्या ठेवा, पहिल्या तीन रांगांतल्या सोफ्यांवर नुसत्या "राखीव"च्या चिठ्ठ्या बसल्या होत्या.

मायक्रोस्कोप तिसऱ्या मजल्यावर होते, लिफ्ट पाहुण्यांसाठी अडवून ठेवलेली. आई गुडघा धरून एक मजला चढली, पायरीवर बसली, म्हणाली तुम्ही दोघी जाऊन या. वर गेलो तर मुलं सामान आवरून राहिली होती.