टॉवेल, वीट आणि वाढलेलं हाड : एका प्रतिक्रियेला उत्तर

टाचदुखीवरच्या माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा जसाच्या तसा देते:

"मावशी, माझ्या उजव्या टाचेच्या एक्स-रेत काट्यासारखं वाढलेलं हाड समोर दिसतंय आणि तुम्ही म्हणता टॉवेल ओढा. टॉवेलने हाड विरघळतं का? चार महिने लंगडतोय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. घरबसल्या डॉक्टरकी बंद करा आणि पाककृती लिहा."

त्यापुढे मधुमेह, शॉकवेव्ह (यंत्राने दुखऱ्या जागी ध्वनिलहरींचे झटके देण्याचा उपचार), वजन असे आणखी तीन-चार प्रश्न आहेत. आणि मी हाडाचं नाव चुकीचं लिहिलं, असाही शेरा आहे.

चूक आधी कबूल करते. टाचेच्या हाडाला 'कॅल्केनियस' म्हणतात, मी 'कॅल्केनियम' लिहिलं होतं. दुरुस्त केलं. आभार.

आता 'मावशी'बद्दल. मावशी म्हटल्याचा मला राग नाही. बाजारात भाजीवाला म्हणतो, रिक्षावाला म्हणतो, बरंच वाटतं. पण मावशी म्हणायचं आणि त्याच दमात 'पाककृती लिहा' म्हणून हाकलायचं, हे कुठल्या घरचं वळण? हाच लेख एखाद्या निवृत्त काकांनी लिहिला असता तर त्यांना तुम्ही पाककृती लिहायला पाठवलं असतं का? पाककृतीही मी लिहिते, त्यात कमीपणा काही नाही. तरी सांगून ठेवते, एकोणतीस वर्षं मी शहाबादी फरशीवर उभं राहून शिकवलं आहे. टाच म्हणजे काय हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

मुद्द्यावर येते. हाड विरघळतं असं मी कुठे लिहिलंय? लेख पुन्हा उघडा आणि ते वाक्य दाखवा. टॉवेल ओढायलाही मी सांगितलेलं नाही. पायरीच्या कडेवर उभं राहायचं, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, तीन सेकंदांत टाच वर न्यायची, दोन सेकंद थांबायचं, तीन सेकंदांत खाली आणायची. एक दिवसाआड. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१५ साली ही पद्धत नुसत्या ताणाच्या व्यायामाशी ताडून पाहिली, आणि तीन महिन्यांनी या गटाचं दुखणं जास्त उतरलेलं होतं. वर्षभराने दोन्ही गट सारखेच झाले, तेही मी लेखात लपवलेलं नाही. म्हणजे टॉवेल पायाखाली असतो, हातात नाही. लेख न वाचता लेखावर बोलायचं असेल तर निदान टॉवेल तरी नीट वाचावा.

हाड जिथल्या तिथेच राहतं. माझंही आहे. २०१६ साली माझी डावी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टेकवलं की खिळा घुसल्यासारखं व्हायचं. मोरीपर्यंत जाईतो जरा सैल पडायचं, स्टाफरूममध्ये बसून तासाला उठलं की पुन्हा तेच. एक्स-रे काढला तेव्हा तंत्रज्ञाने चुकून दोन्ही पायांचा काढला. काटा दोन्ही टाचांत! उजवा तर डाव्यापेक्षा ठसठशीत, आणि उजवी टाच मला आयुष्यात कधी दुखलेली नाही. ते फोटो खिडकीशी धरून मी किती वेळ बघत बसले असेन. एका डॉक्टरांनी तेव्हा मलाही 'काढून टाकू' म्हटलं होतं. काढायचा तर कुठला?

हा काटा तळव्यातून खाली जमिनीकडे रोखलेला असतो, असं आपल्या डोक्यात चित्र असतं. तसं नसतं. तो आडवा, बोटांच्या दिशेने वाढतो. टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली धनुष्याच्या दोरीसारखा एक जाड पट्टा असतो, प्लांटर फॅशिया. तो टाचेच्या हाडाला जिथे चिकटतो तिथे ताणाने झिजतो. बहुतेकांची दुखरी जागा ती असते. काटा म्हणजे जुवामुळे बैलाच्या मानेवर आलेला घट्टा समजा. घट्टा कापला म्हणून जू हलकं होत नाही. काटा असूनही काहीच दुखत नाही, अशी माणसं भरपूर आहेत. ऑपरेशनमध्येसुद्धा मुख्य काम त्या पट्ट्याचा काही भाग कापून तो सैल करण्याचं असतं, आणि त्याचा विचार निदान सहा ते बारा महिने बाकीचे उपाय करून झाल्यावर करतात. चार महिन्यांनी नव्हे!

मी काय केलं? पहाटे पाय खाली टेकवायच्या आधी तो दुसऱ्या मांडीवर घेऊन बोटं नडगीकडे ओढायची, दहा मोजेपर्यंत. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हे २००३ सालच्या एका अभ्यासात तपासलेलं आहे. घरातही एमसीआरची, म्हणजे मऊ रबरी तळाची चप्पल, अनवाणी एक पाऊल नाही (सासूबाई होत्या तोवर देवघरापुरती सूट). मध्येच धीर सुटला म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शनही घेतलं. पाच आठवडे स्वर्ग, सहाव्या आठवड्यात होती तिथे. ते वरचेवर घेतलं तर टाचेखालची चरबीची गादी पातळ होते, क्वचित पट्टाच तुटतो, म्हणून दुसरं घेतलं नाही. दहा महिने लागले. दोन वर्षांनी त्याच पायाचा घोटा मुरगळला, पुन्हा एक्स-रे निघाला. काटा जागेवर होता, आणि मी तोवर रोज तीन किलोमीटर चालत होते.

बाकीचे प्रश्न. शॉकवेव्हबद्दल मी घेतलेली नाही म्हणून लिहिलं नाही, बस. वजनाचं तुम्हीच लिहिलंत, तुम्हालाच ठाऊक आहे. मधुमेही माणसाने लेखात सांगितल्याप्रमाणे तापल्या विटेवर रुईची पानं ठेवून टाच शेकली तर काय, हा प्रश्न. ज्याच्या तळव्याला चटका कळत नाही त्याने विटेच्या जवळही जाऊ नये, हेही आता लिहून द्यायचं? द्यायचं, असं आमच्या सूनबाईंचं मत पडलं, त्या औषधांच्या दुकानात बसतात. म्हणून लेखात ठळक अक्षरांत घातलंय. टाच सुजून लाल झाली असेल, ताप असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल तर आधी डॉक्टर, हे वाक्य मात्र पहिल्या दिवसापासून तिथे आहे. रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. आणि बिब्बा लावायचा सल्ला माझा नव्हे, खाली एका ताईंनी दिलाय. लावू नका, कातडी भाजते.

तुमचं ऑपरेशन थांबवणारी मी कोण? तारीख तुमची, पाय तुमचा, आणि 'स्पष्टवक्ता' तुम्ही स्वतःच म्हणवून घेताय, तर तुमच्या डॉक्टरांनाही दोन प्रश्न स्पष्ट विचारता येतील. चार महिन्यांत पोटरीचा आणि तळव्याचा व्यायाम तुम्ही किती दिवस केलात, ते प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आणि डाव्या टाचेचा एक्स-रे काढलाय का?