तिसरी घंटा झालीच नाही

आमचं नाटक बघणं म्हणजे एफ-१२, एफ-१३, तिसरी घंटा आणि मध्यंतरात बटाटेवडा. २०१८ला लेकीकडे जर्सी सिटीला गेलो तर तिने न्यूयॉर्कच्या 'स्लीप नो मोर'ची तिकिटं काढून ठेवलेली. मॅकबेथच आहे बाबा, फक्त फिरून बघायचं. म्हटलं बरंय, कॉलेजात झालाय आपला मॅकबेथ.

चेल्सीतली जुनी गोदामं, आतून हॉटेलसारखी सजवलेली, शंभरेक खोल्या, पण सीट म्हणून एक नाही. पांढरा मुखवटा चढवायचा, तीन तास तोंड बंद, बाकी वाट्टेल तिथे जा, वाट्टेल त्याच्या मागे पळा, कपाटं उघडा, पत्रं वाचा. लिफ्टमधून ही बाहेर पडली आणि लिफ्टवाल्याने माझ्या नाकासमोर दार लावलं, जोडपी फोडायची तिथली पद्धतच होती म्हणे.

त्यात चष्म्यावर मुखवटा बसेना. चष्मा खिशात टाकला.

एक ड्रॉवर उघडला, पत्र हातभर लांब धरून लावतोय तोवर एक उघडा माणूस समोरून पळत गेला आणि मागोमाग, प्लॅटफॉर्म बदलल्याची अनाउन्समेंट व्हावी तसे पन्नास मुखवटे धडधडत जिना उतरले. मी मात्र पत्राची होती तशी घडी घालून ठेवली, दुसऱ्याची पत्रं शेवटी. तोवर मजला रिकामा! एवढी मोकळीक आपल्याला झेपत नाही हो, सारखं वाटतं की खरं नाटक शेजारच्या खोलीत चाललंय.

मग ठरवलं, एकच माणूस धरायचा. काळ्या मुखवट्यातला एक भारदस्त गृहस्थ कोपऱ्यात उभा दिसला, हा मॅकबेथचा मित्र बँको असणार. तो हलला की मी हलायचो, तो थांबला की मी थांबायचो, वीस मिनिटं. शेवटी त्याने हाताने जिना दाखवला. काळे मुखवटे म्हणजे तिथला स्टाफ, हे लेकीने नंतर सांगितलं. तासाभराची गोष्ट तीनदा फिरायची हेही नंतरच, टबात रक्त धुणारी लेडी मॅकबेथ मला दोनदा दिसली तेव्हा वाटलेलं, डाग निघाला नसेल.

आणि ही? हिला एका नटीने हात धरून खोलीत नेलं, मुखवटा काढला, कानात काहीतरी सांगितलं. काय, ते सांगेना.

जानेवारी २०२५मध्ये तिथले प्रयोग बंद झाले, म्हटलं आता तरी सांग. मेथी निवडता निवडता म्हणाली, "तिने दाराला आतून कडी घातली होती, ती काय उगाच?"