शेक्सपिअर झपतालात

"तुमचं वाचन ना, फलाटावरच्या अनाउन्समेंटसारखं सपाट आहे." काल रविवारी इंग्रजी कवितेच्या क्लासमध्ये मॅडम मला चारचौघांत असं म्हणाल्या आणि ते अजून डोक्यातून जात नाहीये. क्लास या वयात का लावला ते विचारू नका, घरात त्यावर बोलून झालंय.

विषय होता आयॅम्बिक पेंटामीटर हे इंग्रजी वृत्त. म्हणजे ओळीत दहा सिलेबल (उच्चाराचे तुकडे), दोन-दोनच्या पाच जोड्या, प्रत्येक जोडीत पहिलं हलकं आणि दुसऱ्यावर जोर, अशी जोडी म्हणजे आयॅम्ब. डि-डम, डि-डम. मी म्हटलं हे तर सोपंय. फळ्यावर शेक्सपिअरचं अठरावं सॉनेट, 1609 साली छापलेलं, 'शॅल आय कम्पेअर दी टू अ समर्स डे'. मी नियमाने दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या सिलेबलवर जोर देत ठणठणीत वाचलं.

"टू वर एवढा जोर कोण देतं?"

"मॅडम, सहावं आहे ना ते? नियमाने तिथे पडतो."

"पडतो. पण द्यायचा नाही."

आता यावर माणसाने काय बोलायचं? मी जोर काढून वाचलं, तर ते फलाटाचं वाक्य आलं.

आणि इथे शेवटच्या बाकावरचे काका उठले. बँकेतून रिटायर, तबल्याच्या परीक्षा दिलेले, चष्मा दोरीला. क्लासला आल्यापासून त्यांनी इंग्रजीत एक शब्द बोललेला मी ऐकला नव्हता. म्हणाले, "मॅडम, दहा ना? मग हा झपताल आहे, दहा मात्रांचा." आणि कुणी काही म्हणायच्या आत बाकावर सुरू. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. एक आवर्तन नुसतं वाजवलं, मान हलवली, आणि दुसऱ्याला त्यावर शेक्सपिअर चढवला. शॅल आय, कम पेअर दी, टू अ, स मर्स डे. पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरींनी मोबाईल काढले. काका तिसऱ्या आवर्तनाला दुगुनीत, म्हणजे दुप्पट वेगात, जायच्या बेतात होते, मॅडमनी हाताने थांबवलं. मला वाटलं आता बोलणी बसणार यांना. तर काका शांतपणे म्हणाले, "हे बघा, सहाव्या मात्रेला खाली आहे, म्हणजे बिनजोराची जागा. 'ती' हा बोल. तिथेच तुमचं टू येतं. खालीला डग्गा घुमत नाही. त्यांना जोर नको म्हणालात ते बरोबरच आहे."

मॅडम दोन सेकंद गप्प. मग, "ओह माय गॉड, फॅसिनेटिंग!"

फॅसिनेटिंग! तेच टू, तेच सहावं. मी नियम सांगितला तर सपाट, यांनी डग्गा सांगितला तर फॅसिनेटिंग. बरं, बाकीचे धी आणि ना त्या आयॅम्बशी कुठे जुळतात हे कुणी विचारलं नाही. काकांना तर आता ऊतच आला. मॅडमनी 'टू बी ऑर नॉट टू बी, दॅट इज द क्वेश्चन' लिहिलं, काकांनी बोटांवर मोजलं आणि ओरडले, "अकरा! हा रुद्रताल!"

खरंच अकरा आहेत. जगातली सगळ्यात गाजलेली पेंटामीटरची ओळ आणि तिला एक सिलेबल जास्त. त्याला म्हणे फेमिनिन एंडिंग म्हणतात. शेक्सपिअरचाच किंग लिअर शेवटी पाच वेळा नुसतं 'नेव्हर' म्हणतो, म्हणजे जोर सगळे उलटे, पहिल्यावर. तिथे शोक आहे, म्हणून ग्रेट. ब्लेकच्या वाघाच्या कवितेत ओळीला एक सिलेबल कमी पडतं, त्यालाही कॅटलेक्टिक असं भारदस्त नाव. म्हणजे त्यांनी चुकवलं की त्याला नाव मिळतं आणि मी नियमाने वाचलं की फलाट!

आपल्याकडे निदान डोळ्यांना तरी दिसतं हो. 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा', लघु-गुरू मांडा, यमाताराजभानसलगा लावा, चार य गण, भुजंगप्रयात, विषय संपला. शेवटच्या लघूला गुरू मानायची सूट आपणही घेतो, पण ती सूट सगळ्यांना सारखी. इंग्रजीत जोर कुठेय ते अक्षरात लिहिलेलंच नसतं. फोटोग्राफला पहिल्यावर, फोटोग्राफरला दुसऱ्यावर, फोटोग्राफिकला तिसऱ्यावर. हे लहानपणापासून कानावर पडलं असेल तरच येणार, आणि आमच्या कानावर काय पडलं तर शाळेत सर खुर्चीत बसून डॅफोडिल्सचा अर्थ मराठीत सांगायचे. मोठ्याने एकदाही वाचून दाखवली नाही. राइम स्कीम ओळखा, एबीएबीसीसी, एक मार्क. बास. वर्षानुवर्षं कविता शिकवली आणि ती कशी वाजते ते सांगायचं कुणाला सुचलं नाही, आणि आता पन्नाशीत फी भरून मी सपाट.

पुढच्या रविवारी काका तबला-डग्गा घेऊन येणार आहेत. बायरनची 1815 ची ती असिरियन स्वारीची कविता आहे, डि-डि-डम डि-डि-डम, घोडे दौडल्यासारखी. मॅडमचं म्हणणं ती दादऱ्यात, म्हणजे सहा मात्रांच्या तालात, बसेल. मला थांबवून गोड आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे गाडी आहे ना? काकांना वाटेत घ्याल का?"

मी कोथरूडला राहतो. क्लास सदाशिव पेठेत. काका हडपसरला.