आठचा कंडेन्सर लावून पंखा दुप्पट पळत नाही

सासरे परळला राहतात. हॉलमधला पंखा हल्ली रेंगाळतो आणि रात्री झोप लागत नाही. परवा फोनवर म्हणाले, "येताना लॅमिंग्टन रोडवरून आठचा कंडेन्सर घेऊन या, लावतो मी स्टुलावर चढून." हे कुठून सुचलं विचारलं, तर त्यांनी फोनवर आलेला एक मेसेज पाठवला. आमच्या इमारतीच्या ग्रुपवरही तो केव्हाचा फिरतोय. सत्तरी ओलांडलेला माणूस त्यापायी स्टुलावर चढायला निघाला म्हटल्यावर उत्तर देणं भाग आहे.

मेसेज थोडक्यात असा: कंडेन्सर म्हणजे मोटरमधली छोटी बॅटरी. कंपन्या मुद्दाम 2.5 एमएफडीचा (मायक्रोफॅरड, म्हणजे कंडेन्सरची क्षमता) लहान घालतात, तिथे 8 चा लावा, वेग दुप्पट आणि बिल निम्मं. कंडेन्सर मेला तरी पंखा हाताने ढकलला की चालतो, म्हणजे कंडेन्सरचं काम फक्त सुरुवातीला. पाण्याच्या पंपाला जोर नसेल तर स्टार्टिंगचा कंडेन्सर कायमचा जोडून टाका. शेवटी हात जोडलेले आणि "जनहितार्थ पुढे पाठवा".

बॅटरीचं आधी उरकतो. 2.5 एमएफडीचा कंडेन्सर आपल्या 230 व्होल्टवर अगदी शिगोशीग भरला तरी त्यात 0.13 ज्यूल ऊर्जा मावते. 75 वॉटचा पंखा सेकंदाला 75 ज्यूल खातो. म्हणजे ही "बॅटरी" त्याला दोन मिलिसेकंदसुद्धा पुरणार नाही.

मग तो असतो कशाला? घरात येणाऱ्या सिंगल फेज विजेवर एकट्या वाइंडिंगमधलं (तारेच्या वेटोळ्यातलं) चुंबकी क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी वाढतं, ओसरतं, उलटतं. जात्याचा खुंटा नुसता पुढे-मागे ओढला तर जातं फिरतं का? आडवा हातही लागतो. तो आडवा हात म्हणजे दुसरं वाइंडिंग. कंडेन्सर त्याच्यासोबत सिरीजमध्ये असतो आणि त्यातला करंट पहिल्यातल्या करंटच्या पुढे नेतो. दोन वाइंडिंगचे करंट असे मागेपुढे झाले की क्षेत्र फिरू लागतं आणि रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, त्याच्यामागे निघतो. फिरत्या क्षेत्राची ही कल्पना टेस्ला आणि इटलीच्या फेरारिस यांनी 1888 मध्येच जगापुढे मांडली होती.

हाताने ढकलल्यावर पंखा चालतो, हे खरं आहे. ज्या दिशेला ढकलाल त्या दिशेला चालतो, उलटासुद्धा. पण छताच्या पंख्यात कंडेन्सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडलेलाच असतो. तो मेला की पंखा एका वाइंडिंगवर कसाबसा फिरतो, घूं घूं करतो, तापतो. त्याला "चालतो" म्हणायचं असेल तर म्हणा.

दुप्पट वेगाचा दावा मात्र शाळेच्या गणितातच आपटतो. आपला पुरवठा 50 हर्ट्झचा. 14 पोलच्या (चुंबकी टोकांच्या) पंख्यात चुंबकी क्षेत्र मिनिटाला 428 फेऱ्या घेतं आणि इंडक्शन मोटरचा रोटर त्याच्या थोडा मागेच राहतो. 350 वर फिरणारा पंखा 700 वर न्यायला कंडेन्सर आठचा लावा नाहीतर ऐंशीचा, ती कमाल मर्यादा तो हलवूच शकत नाही. शिवाय पात्यांना हवा कापायला लागणारी पॉवर वेगाच्या घनाने वाढते. वेग दुप्पट म्हणजे पॉवर आठपट. तीही निम्म्या बिलात! हे लिहिणाऱ्याने पंख्याबरोबर ऊर्जेच्या अक्षय्यतेचाही निकाल लावलाय.

प्रत्यक्षात काय होतं? 2.5 एमएफडीचा कंडेन्सर 50 हर्ट्झला सुमारे 1270 ओहमचा अडथळा करतो, 8 चा जेमतेम 400 चा. त्या बारीक तारेच्या वाइंडिंगमध्ये नको तेवढा करंट घुसतो, दोन्ही वाइंडिंगचा मेळ बिघडतो, आवाज वाढतो, वॉट वाढतात आणि काही काळाने जळका वास येतो.

अर्धं सत्य द्यायचंच तर देतो. 2.5 च्या जागी 3.15 लावला तर काही पंखे किंचित जोरात फिरतात, जास्त तापण्याच्या बदल्यात. आणि जुना कंडेन्सर वर्षानुवर्षांच्या उष्णतेने क्षमता गमावतो. 2.5 चा दीडवर आलेला असतो, नवा लावला की पंखा पळतो आणि श्रेय मिळतं "मोठ्या" कंडेन्सरला. गोंधळाचं आणखी एक कारण बहुधा रेग्युलेटर असावा. इलेक्ट्रॉनिक स्टेप रेग्युलेटरमध्येही कंडेन्सर असतात आणि तिथे मोठा कंडेन्सर म्हणजे खरंच जास्त वेग. पण त्यांची जागा वेगळी आणि काम वेगळं.

आता पंप. या मुद्द्यासाठी मेसेज लिहिणाऱ्याला पंपरूममध्ये उभं करायला हवं. स्टार्टिंगचा कंडेन्सर 100-120 एमएफडीचा इलेक्ट्रोलिटिक असतो आणि काही सेकंदांच्या कामासाठीच बनवलेला असतो. मोटरने साधारण 75 टक्के वेग गाठला की सेंट्रिफ्युगल स्विच टक् करून त्याला बाजूला काढतो. तो कायम जोडला तर आतून तापतो, गॅस धरतो आणि फुटतो. तोवर स्टार्टिंगचं वाइंडिंगही भाजून निघतं. कायम जोडायचे कंडेन्सर वेगळ्या जातीचे, प्लास्टिक फिल्मचे असतात. मोटर-कंडेन्सरच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60252 मध्ये, स्टार्टिंगच्या कंडेन्सरसाठी दुसरा भाग वेगळा काढलाय, तो हौस म्हणून नाही. जोर नसेल तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या तळाची झडप) बघा, लाइनमध्ये हवा आहे का बघा, इम्पेलर (पाणी ढकलणारं चाक) बघा. पंप नुसता घूं करत असेल तर ताबडतोब बंद करा. अडकलेली मोटर नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. आणि सुटा काढलेला स्टार्टिंगचा कंडेन्सर भरलेला असू शकतो, टर्मिनलना बोट लावू नका.

कंपन्यांचा कट वगैरे जाऊ दे. वीज वाचवायची असेल तर बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) पंखा घ्या, तो 30-35 वॉटमध्ये भागवतो.

सासऱ्यांसाठी 2.5 एमएफडी, 440 व्होल्टचा घेतलाय. व्होल्टही तितकेच हवेत, कारण चालत्या पंख्यात कंडेन्सरवर पुरवठ्यापेक्षा जास्त व्होल्ट येतात. रविवारी मेन बंद करून मीच लावेन. स्टूल लपवून ठेवायला सासूबाईंना सांगितलंय.